आक्कांचा विषारी बाण

महांतेश हा माझा साडू. त्याच्याविषयी वाईट बोलायची माझी इच्छा नाही, पण दुसरं काही बोलण्यासारखं त्यानं ठेवलेलं नाही. इचलकरंजीत त्याचे माग आहेत. मागांच्या खडखडाटात उभा जन्म गेल्यामुळे तो घरातही ओरडूनच बोलतो, आणि ओरडून बोललेलं सगळं खरंच असतं अशी आमच्या सासऱ्यांची पक्की समजूत आहे. सासरे म्हणजे शिवमूर्ती अप्पा. गुळाचे व्यापारी. तरुणपणी तालमीच्या मातीत थोडंफार लोळले होते, ती माती अजून त्यांच्या बोलण्यात आहे.

दर बसवजयंतीला संध्याकाळच्या मिरवणुकीत अप्पांच्या बरोबरीनं त्यांचा एक जावई फेटा बांधून चालतो. हा मानाचा फेटा. आता थोरली मुलगी दानेश्वरी माझ्या घरात आहे, म्हणजे थोरला जावई मी. पण फेटा दरवर्षी महांतेशच्या डोक्यावर आणि मी मागच्या बाजूला, पाण्याचं पिंप ठेवलेल्या हातगाडीशेजारी. एकदा धीर करून मी अप्पांना कारण विचारलं. ते म्हणाले, "त्येच्या डोस्क्याला शोभतोय. तुझं डोस्कं बारकं हाय, शशिधर."

मी हसलो. जावयानं हसायचंच असतं. पण मला फार लागलं होतं ते, खोटं कशाला सांगू? सरकारी खात्यात (कुठल्या ते सांगत नाही, अजून पेन्शन सुरू व्हायचंय) याच बारक्या डोक्यावर आख्खं टेबल चालतं. तिथं लोक हात जोडून उभे राहतात. आणि सासुरवाडीत माझी किंमत पाण्याच्या पिंपाएवढी, तेही भरलेलं असलं तर.

तर त्या दिवाळीत जेवायला सगळे अप्पांकडे जमलो होतो. महांतेशनं हिशेबासाठी म्हणून कॉम्प्युटर घेतला होता. हिशेब त्यावर झाला नाही, पण एक खेळ त्याला सापडला. राक्षस मारत मारत पुढं जायचं, असा तो थोर खेळ. "माझा गडी हाय त्यात," तो पुरणपोळी मोडत ओरडला. "महांतेशराजे नाव ठेवलंय. हातात ह्यो एवढा हातोडा. समोर आला की चेंदा!" अप्पा अशा काही कौतुकानं त्याच्याकडे बघत होते की जणू राक्षस आमच्या गल्लीतलेच होते आणि त्यांचा फार उपद्रव होता.

"त्यात काय विशेष," मी म्हणालो. "मीही खेळतो."

हे साफ खोटं होतं. कॉम्प्युटरवर मी तोवर फक्त पत्ते लावले होते, आणि तेही ऑफिसात, म्हणजे कामाचा भाग म्हणून. पण अप्पांनी पोळी खाली ठेवली. "मग धरा की कुस्ती दोघं," ते म्हणाले. "बसवजयंतीच्या दुपारी. जो जितंल त्येच्या डोस्क्याला फेटा. मग बारकं असो का मोठं."

दानेश्वरीनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं तिचं वर्णन मी करणार नाही. तीस वर्षं संसार केलेल्यांना ती नजर ठाऊक आहे, आणि बाकीच्यांना ठाऊक होईल.

आमच्या घराच्या कोपऱ्यावर गुंडूचा सायबर कॅफे होता. कॅफे म्हणजे त्याच्या आईच्या, बाळाबाईंच्या, घराची पुढची खोली. आधी तिथं म्हैस बांधत. म्हशीच्या जागी कॉम्प्युटर आले, पण गुंडूचा दोघांकडे बघायचा दृष्टिकोन तोच राहिला. "मला खेळातलं काय इचारू नका," तो म्हणायचा. "मी कनेक्शन देतो." दारात बाळाबाई लसूण सोलत बसायच्या. त्यांच्या कानावर गेलेली गोष्ट लसणाची पुढची पाकळी सोलून होईपर्यंत पाणंदीपर्यंत पोचलेली असायची. आमच्या भागात वर्तमानपत्र कुणी फारसं घेत नसे, ते काही आळसानं नव्हे.

पहिल्याच दिवशी गुंडूनं मला अडवलं. भिंतीवर पाटी होती, 'गेम खेळणाऱ्यांनी पालकांची संमती आणावी'. मी म्हणालो, "अरे, माझे केस पिकलेत." तो म्हणाला, "पाटी हाय ती हाय, काका. शाळेच्या बायांनी लई तक्रार केल्ती. एकाला सोडलं की सगळी सोडाय लागतात." मी स्वतः याच तत्त्वावर नोकरी केलेली असल्यामुळे मला ते पटलंच. शेवटी दानेश्वरीला बोलावलं. तिनं पदर खोचून सही केली आणि विचारलं, "ह्यांना घरी किती वाजता सोडणार?" बाळाबाईंच्या हातातला लसूण क्षणभर थांबला. संध्याकाळी भाजीवाल्यानं मला विचारलं, "काय साहेब, वहिनींनी सोडलं का आज?"

असो. खेळात आधी आपला माणूस निवडायचा असतो. हातोडेवाला होता, पण तो महांतेशनं उष्टा केलेला. मंत्र घालणारा एक बुवा होता, पण बुवांचा आमच्या घरात तिटकारा. राहिली एक तिरंदाज बाई. लांबून बाण मारायची, आणि बाणाला विष लावायची विद्या तिला शिकता येत होती. बाण लागला की समोरचा लगेच मरत नाही, चालत राहतो आणि हळूहळू जीव जातो. हे वाचलं मात्र, माझ्या लक्षात आलं की ही बाई जन्मानं कारकून आहे. आम्ही दुसरं काय करतो? कुणाला समोरासमोर मारणं आमच्यात बसत नाही. लांब बसायचं, फायलीवर एक शेरा मारायचा, 'पूर्तता करून फेरसादर', आणि चहाला जायचं. माणूस हसत बाहेर पडतो. त्याला वाटतं, काहीच झालं नाही. मग तो महिन्यामागून महिना वाळत जातो. मला त्या बाईविषयी एकदम आपुलकी वाटली.

तिला नाव द्यायचं होतं. परकी बाई, आणि तिचे कपडेही जरा बेताचेच. घरात प्रश्न नको म्हणून मी नाव ठेवलं, आक्का. परक्या बाईला आक्का म्हटलं की निम्म्या शंका तिथंच मिटतात. दानेश्वरी एकदा डोकावून म्हणाली, "आक्कांना शाल तरी घ्या एक."

आता यातली मेख अशी. थोडे राक्षस मारले की खेळ आपल्याला काही गुण देतो. ते ताकदीत घालायचे, चपळाईत घालायचे, जिवात घालायचे की विषाच्या विद्येत, हे आपण ठरवायचं. तिरंदाजाला चपळाई पाहिजे, नाहीतर नेम लागत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळावं. आणि एकदा घातलेला गुण परत काढता येत नाही. आमच्या खात्यात चुकीची नोंदसुद्धा अर्ज केल्यावर दुरुस्त होते, कधी ते सोडा.

मी चपळाईवर बोट ठेवणार, एवढ्यात खांद्यावर एक हात पडला. हात कसला, पोतंच. आमच्या शेजारचा आकाराम पैलवान. यानं कुस्ती कधीच सोडली होती, खुराक मात्र सोडला नव्हता. कॅफेत माणसं बसलेली दिसली म्हणून आत आला होता.

"काय चाललंय मास्तर?" मी मास्तर नाही, पण चष्मा असलेले सगळे त्याच्या लेखी मास्तर. मी समजावून सांगितलं. तो म्हणाला, "इख लावून मारणार? कोल्लापुरात ऱ्हाऊन?"

"खेळात आहे ते."

"खेळात काय बी असंल. आपल्यात कायतरी हाय का न्हाय? ताकद घाला. ताकदीबिगर जगात काय हाय?"

"पण तिरंदाज—"

"धनुष्य वडाय ताकद लागत न्हाय व्हय?" असं म्हणून त्यानं माझ्या हातावर हात ठेवला आणि माझ्याच बोटानं सगळे गुण ताकदीत घातले. माझं बोट दुपारपर्यंत दुखत होतं.

त्यानंतर आकाराम रोज यायला लागला. शेवटची तालीम बंद झाल्यापासून त्याला सकाळी जायला ठिकाण नव्हतं, ते मी दिलं. गुण मिळाले की ताकद, पुन्हा मिळाले की ताकद. दारातून बाळाबाई ओरडायच्या, "आवो, जीव बी घाला वाईच! बाईमाणसाला जीव लागतोय. मी सांगतो तुम्हास्नी, चार बाळंतपणं काढल्यात." मग थोडा जीव. लोखंडी चिलखत मिळालं, ते इतकं जड की दुसऱ्या कुणा तिरंदाजाला उचललंही नसतं. आमच्या आक्कांना उचललं. आकारामच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, "आता दिसतीया बाई!" चिलखत घालून आक्का लग्नाच्या वरातीच्या वेगानं चालायला लागल्या.

आणि बाण? बाण दगडाला लागायचे, झाडाला लागायचे. एकदा ज्या गावकऱ्याला सोडवायचं होतं त्याच्या कानाजवळून गेला. राक्षस येऊन आक्कांना बुकलायचे आणि आक्का जिवाच्या जोरावर उभ्या राहून मार खायच्या. अख्ख्या खेळात इतकी सशक्त आणि इतकी निरुपयोगी बाई दुसरी नसेल. मी आकारामला तसं म्हणालो, तर तो उलट मलाच म्हणाला, "तुमच्या हाताला वळण न्हाय, तिला कशाला बोल लावता?"

एवढं मात्र मी केलं. आकाराम चहा प्यायला दारात गेला की चोरून एखादा गुण विषात टाकायचो. त्यामुळे कधीमधी चुकून बाण लागलाच तर गंमत व्हायची. एकदा एक राक्षस बाण खाऊन झाडीत पळाला. आकाराम म्हणाला, "पळाला बघा. ह्ये तुमचं इख." आम्ही झाडीपलीकडे गेलो तर राक्षस मरून पडलेला. आकारामनं त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आपोआप मेला. उन्हानं असंल."

शेवटी मी शहाणपणा केला. आकाराम यायच्या आत, भल्या सकाळी येऊन, दुसऱ्या आक्का सुरू केल्या. सगळे गुण चपळाईत आणि विषात. काय बाई झाली म्हणून सांगू! सुई टोचावी तसा बाण लागायचा. महिनाभर मी आंघोळीला दांडी मारून त्या आक्का वाढवल्या. आणि मग उन्हाळ्यात भारनियमन सुरू झालं. एका सकाळी मी आक्कांची नोंद साठवत होतो, नेमके त्याच वेळी दिवे गेले. दिवे आले तेव्हा दुसऱ्या आक्का कुठंच नव्हत्या. गुंडूनं कॉम्प्युटरच्या पाठीवर थाप मारली, म्हशीला मारायचा तशी, आणि म्हणाला, "गेलं ते गेलं, काका. जुन्या हाईत की." मला रडू यायचं बाकी होतं. तेवढ्यात आकाराम दारातून आत आला आणि त्यानं विचारलं, "काय, व्यायाम सुरू करायचा न्हवं?"

बसवजयंतीची दुपार उगवली. अप्पा पांढरे कपडे घालून आले, पिशवीत फेट्याचं कापड. महांतेश आपला गडी सीडीत भरून घेऊन आला होता आणि सीडी छातीशी धरून असा चालत होता, जणू पालखीच आणली होती. दानेश्वरी खुर्चीवर बसली. आकाराम मध्ये उभा राहिला, कारण पंच म्हणून त्याला कुणी नेमलं नव्हतं. बाळाबाई तेवढ्या पीठ दळायला गिरणीत गेल्या होत्या. आयुष्यात त्या पहिल्यांदाच योग्य वेळी दारात नव्हत्या.

दोन कॉम्प्युटर, दोघं समोरासमोर. महांतेशराजे मैदानात आले आणि हातोडा फिरवत धावले. आमच्या आक्का जागच्या हलेपर्यंत राजे निम्म्यावर आले. मी बाण मारला, झाडाला. दुसरा दगडाला. महांतेश ओरडत होता, "साडूभाऊ, झाडांशी काय भांडान हाय का तुमचं?" अप्पा खो खो हसत होते. दानेश्वरी पदराच्या टोकाकडे बघत बसली, आणि ते मला जास्त लागलं. राजे अगदी जवळ आले तेव्हा मी डोळे मिटून शेवटचा बाण सोडला. इतक्या जवळून तो चुकणं आक्कांनाही जमलं नाही. पोटात लागला. राजे किंचित हिरवे झाले. मग हातोडा पडला, आणि आमची ती लोखंडी कपाटाएवढी आक्का पाठीवर सपशेल पडली.

महांतेशनं उठून शड्डू ठोकला. अप्पांनी त्याला मिठी मारली. आकारामनं पिशवीतून कापड काढलं. फेटा बांधावा तर त्यानंच, हे मान्य करायलाच हवं. गुंडूनं टोक धरलं, महांतेश मान ताठ करून बसला, आणि सगळ्यांच्या पाठी कॉम्प्युटरकडे झाल्या. माझी एकट्याची सोडून. मी हरलेला, मला कोण बोलावणार?

मी बघत बसलो. राजे मैदानात एकटेच उभे होते आणि त्यांची जिवाची लाल रेघ बारीक होत चालली होती. एक वेढा, रेघ निम्मी. दुसरा वेढा, आणखी बारीक. खरं सांगतो, इतकं सुख मला पगारवाढीतही झालं नव्हतं. आकारामनं शेवटचं टोक खोचलं, तुरा उभा केला, आणि त्याच वेळी मागे महांतेशराजे गुडघ्यावर आले आणि आडवे झाले.

"अप्पा," मी म्हणालो, "जरा इकडं बघता का?"

सगळे वळले.

"ह्यो कसा पडला?" महांतेश म्हणाला.

"विषानं. मघाचा बाण."

"मी फेटा बांधून घेतालतो तवा मागनं मारलं व्हय?"

"मागनं नाही. आधीच मारलं होतं. तुम्हाला आत्ता लागलं."

दोघंही मेले होते, तेव्हा जिंकलं कोण? अप्पांनी आकारामकडे बघितलं. "पाठ आदी कुणाची लागली?"

"आक्काची," आकाराम म्हणाला. ताकदीचा सगळा खर्च ज्यानं केला तोच हा माणूस.

"मग झालं की," अप्पा म्हणाले. "आन् एकदा बांधल्याला फेटा मिरवणूक झाल्याबिगर उतरवत न्हाईत. चला, जेवाय चला."

म्हणजे मेलेल्याला फेटा आणि मारणाऱ्याला पाण्याची गाडी. मी चप्पल घालून बाहेर आलो. दारात बाळाबाई पिठाचा डबा घेऊन आल्या होत्या, घामाघूम. "काय झालं वो? मी नेमकी न्हवतो बघा," त्या कळवळून म्हणाल्या.

मी इकडंतिकडं बघितलं. अंतर चांगलं जवळचं होतं, आणि झाड किंवा दगड मध्ये नव्हता. "बाळाबाई," मी हळू आवाजात म्हणालो, "तुम्ही घरच्या म्हणून सांगतो. महांतेशरावांचा गडी मेला. आमच्या आक्कांच्या विषानं. यांच्या डोक्यावर फेटा चढत होता आणि मागं तो मरत होता, यांना पत्ताच नाही. पण कुणाला बोलू नका हं."

"माझ्या तोंडातनं?" बाळाबाई म्हणाल्या, आणि डबा उंबऱ्यावरच ठेवून निघाल्या. मी घरी गेलो आणि झोपलो.

संध्याकाळी मिरवणूक निघाली. पुढं हलगी, मागं अप्पा, आणि शेजारी फेट्यातला महांतेश. पहिल्याच वळणावर पानवाला गादीवरून उठून म्हणाला, "पावणं, आता बरं वाटतंय न्हवं?" महांतेशला कळलं नाही. पुढं दोन पोरं त्याच्या पाठीला बाण लागलाय का ते वाकून बघत होती. चौकात एका रिक्षावाल्यानं रिक्षा थांबवून काळजीनं विचारलं, "दवाखान्यात न्यायचं का?" गोष्ट पोचता पोचता बरीच वाढलेली दिसत होती, पण त्यात माझा काही हात नव्हता. पुढच्या गल्लीत एक म्हातारी वाटीत तूप घेऊन उभी होती. तिनं महांतेशचा दंड धरला. "पी लेकरा. इखावर तूप चांगलं. साडूनं घातलं म्हनं?"

महांतेश तूप प्यायला नाही. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. आता तो ओरडत नव्हता, पुटपुटत होता. "आवो, खेळातला गडी हाय त्यो..." "व्हय व्हय," लोक म्हणायचे, "जपा जिवाला." हलगीवाल्यानंही त्याच्याकडे बघून जरा हळू वाजवायला सुरुवात केली.

शेवटच्या चौकाच्या अलीकडे तो थांबला. दोन्ही हातांनी फेटा डोक्यावरून अख्खाच उचलला, चुलीवरनं तापलेलं भांडं उतरवावं तसा, आणि मागं हातगाडीपाशी येऊन माझ्या हातात दिला. "घ्या बाबा ह्यो," तो म्हणाला. "तुम्हीच चला फुडं."

"मिरवणूक संपली नाही अजून," मी म्हणालो. "बांधलेला फेटा उतरवत नाहीत."

"डोस्कं दुखालंय माझं, घ्या की!"

अप्पा वळून बघत होते. काय झालं ते त्यांना कळेना, पण फेटा जमिनीवर टेकवता येत नाही एवढं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मला हातानं पुढं बोलावलं. दानेश्वरी बायकांच्या घोळक्यातून माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाळाबाईंना कुणी सांगितलं हो?"

"मला काय ठाऊक," मी म्हणालो.

तिनं माझ्या शर्टाची कॉलर नीट केली. पाचव्या वेतन आयोगानंतर हे पहिल्यांदाच घडत होतं.

मी फेटा घातला. तो महांतेशच्या घामानं ओला होता आणि त्याच्या डोक्याच्या तेलाचा वास येत होता. मापही त्याच्याच डोक्याचं, त्यामुळे तो सरळ भुवयांवर उतरला आणि मला पुढचं काही दिसेना. अप्पांच्या कोपराला धरून मी चौक ओलांडला. न दिसल्यानं माझं काही बिघडलं नाही. ज्याला दिसायला हवं होतं तो मागं पाण्याच्या गाडीशेजारी चालत होता.